प्रयोगशाळेतील रंग व त्यांचे मोल

घरात कोणास चार दिवस ताप राहिला, की हल्ली नाडीपरीक्षेवर कोणी थांबत नाही. बोटाच्या अग्रातून रक्ताचा एक थेंब काढून काचेवर पसरला जातो, आणि संध्याकाळी हाती येणाऱ्या कागदाकडे घरातील सर्वांचे डोळे लागून राहतात. त्या कागदावरील निर्णय केवळ सूक्ष्मदर्शक यंत्राच्या बळावर दिलेला असतो, असा पुष्कळांचा समज आहे. तो अपुरा आहे. यंत्र कितीही उत्तम असले तरी रक्तातील श्वेतपेशी, हिवतापाचे परोपजीवी, थुंकीतील क्षयाचे जंतू, ही सारी सृष्टी बहुतांशी पारदर्शक आहे. पाण्यात टाकलेला काचेचा तुकडा जसा दिसेनासा होतो, तशी ती यंत्राखालीही प्रकाशात विरून जाते. तिला डोळ्यांपुढे उभी करण्याचे काम रंग करितात.

या रंगांचा इतिहास बहुधा विजयगाथेच्या सुरात सांगितला जातो. तो सूर खोटा आहे असे आमचे म्हणणे नाही. परंतु त्या इतिहासास दुसरेही एक अंग आहे. ज्या रंगांनी जंतू उघडकीस आणिले, त्यांतील कित्येकांनी व त्यांच्या मूळद्रव्यांनी ते तयार करणाऱ्यांच्या देहातही आपली खूण ठेविली. ती खूण दिसू लागण्यास कित्येकदा वीस वीस वर्षे लागली, आणि ती मान्य होण्यास त्याहूनही अधिक. रंग कसे हाताळावेत यासंबंधी प्रयोगशाळांच्या भिंतींवर आज जे नियम टांगलेले असतात, ते या दुसऱ्या अंगाचा सारांश होत. नियम पाठ म्हणणारे पुष्कळ आढळतात. त्या नियमांमागची माणसे ठाऊक असणारे थोडे. त्या माणसांची ओळख करून द्यावी आणि तीवरून नियमांचा अर्थ उलगडावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

सूक्ष्म वस्तू रंगवून पाहण्याची कल्पना तशी जुनी आहे. हॉलंडातील लेवेनहूक याने १७१४ मध्ये स्नायूंचे तंतू स्पष्ट दिसावेत म्हणून केशराचा उपयोग केला होता. परंतु या युक्तीचे शास्त्र बनण्यास आणखी सुमारे दीडशे वर्षे जावी लागली. १८५८ च्या सुमारास एर्लांगेन येथील गेर्लाख याच्या हातून मेंदूची एक पातळ चकती कार्माइनच्या अगदी सौम्य पाण्यात रात्रभर राहून गेली, आणि सकाळी पाहतो तो तीतील पेशी व तंतू एकमेकांपासून निराळे उठून दिसत आहेत. कार्माइन म्हणजे किरमिजी किड्यांपासून काढलेला तांबडा रंग. पुढे १८६५ मध्ये मध्य अमेरिकेतील लॉगवुड नावाच्या झाडापासून निघणारे हिमॅटॉक्सिलिन तुरटीच्या योगाने वापरण्याची रीत निघाली, आणि शरीराच्या सूक्ष्म रचनेचे ज्ञान मुख्यतः तीवर उभे राहिले. तुरटीवाचून रंग धरत नाही, ही गोष्ट मंजिष्ठेत कापड बुडविणाऱ्या आपल्या रंगाऱ्यास पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती. प्रयोगशाळेने ती त्याच्याच धंद्यातून उचलली. कापडाचा धागा रंगविणे व शरीराचा धागा रंगविणे या दोन विद्या मुळात सख्ख्या बहिणी आहेत, हे ध्यानात ठेविले म्हणजे पुढील हकीगत समजण्यास सोपी जाईल.

१८५६ च्या ईस्टरच्या सुट्टीत लंडनमध्ये विल्यम पर्किन नावाचा अठरा वर्षांचा विद्यार्थी घरच्या लहानशा प्रयोगशाळेत डांबरापासून मिळणाऱ्या द्रव्यांतून कोयनेल बनविण्याच्या खटपटीत होता. कोयनेल तर बनले नाहीच. भांड्याच्या बुडाशी काळसर गाळ मात्र उरला. तो मद्यार्कात विरघळविताच सुंदर जांभळा रंग दिसू लागला, आणि रेशमावर तो पक्का बसला. कोळशाच्या डांबरातील ॲनिलिन या द्रव्यापासून रंग करता येतात हे एकदा कळल्यावर दहा-पंधरा वर्षांत युरोपात रंगांच्या कारखान्यांची रांग लागली. किरमिजी फुक्सिन, मेथिल व्हायोलेट, आणि १८७६ मध्ये मेथिलिन ब्लू असे नवे नवे रंग बाजारात आले. आमच्या नीळीच्या शेतीवर व मंजिष्ठेच्या व्यापारावर याचे जे परिणाम झाले तो निराळ्या लेखाचा विषय आहे. येथे एवढेच सांगणे आहे, की कापडाच्या गिरणीसाठी निघालेले हे रंग लवकरच वैद्यांच्या टेबलावर आले.

ते आणणाऱ्यांत कार्ल वायगर्ट व त्याचा मामे-मावसभावांपैकी एक, पाउल एर्लिख, हे दोघे अग्रेसर होते. १८७५ मध्ये वायगर्टने मेथिल व्हायोलेटने जंतू रंगवून दाखविले. एर्लिखने १८७८ मध्ये आपला पदवीचा प्रबंधच या रंगांवर लिहिला. २४ मार्च १८८२ रोजी रॉबर्ट कॉख याने बर्लिन येथे क्षयाचे जंतू दाखविले, तेव्हा त्या शोधाचे अर्धे मर्म रंगविण्याच्या रीतीत होते. ते जंतू मेणासारख्या आवरणाने वेढलेले असल्यामुळे सामान्य रीतीने रंग घेत नाहीत. एर्लिखने लागलीच अधिक चांगली रीत काढली, आणि त्सील व नील्सेन यांनी तीत ॲनिलिनऐवजी कार्बॉलिक ॲसिड घालून १८८२-८३ मध्ये तिला जे रूप दिले, तेच थोड्याफार फरकाने आजही रूढ आहे. आरक्त फुक्सिन काचेवर ओतावयाचे, खालून ऊब द्यावयाची, मग आम्लाने धुवावयाचे. इतर बहुतेक जंतू रंग सोडून देतात, क्षयाचा जंतू सोडीत नाही. काही वर्षांनी एर्लिखला स्वतःच्या थुंकीत हेच जंतू आढळले आणि त्यास हवापालटासाठी ईजिप्तला जावे लागले. १८८४ मध्ये बर्लिनमध्येच ग्राम नावाच्या डॅनिश वैद्याने जंतूंचे दोन मोठे वर्ग पाडणारी रीत शोधली; कोणत्या जंतूवर कोणते औषध चालेल याचा पहिला अंदाज आजही तीवरून बांधला जातो.

आपल्या देशाशी या विद्येचा संबंध लवकरच आला. १८९६ मध्ये मुंबईत ग्रंथिज्वर सुरू झाला, त्याच्या दोन वर्षे आधी हाँगकाँगमध्ये येर्सिनने त्या रोगाचे जंतू दाखविले होते. रंगविल्यावर त्यांची दोन्ही टोके गडद व मध्यभाग फिका दिसतो, ही त्यांची ओळख ठरून गेली होती. १९०१ मध्ये लीशमन या लष्करी वैद्याने मेथिलिन ब्लू व इओसिन यांच्या संयोगाने रक्त रंगविण्याची सोपी रीत दिली. कलकत्त्याजवळील डमडम येथून आजारी होऊन परतलेल्या शिपायाच्या प्लीहेत त्याला जे सूक्ष्म कण दिसले, तेच काळा-आजाराचे परोपजीवी होत. मद्रास येथे डोनोव्हननेही १९०३ मध्ये ते स्वतंत्रपणे ओळखले. लीशमनचा रंग आपल्याकडील बहुतेक प्रयोगशाळांत आजही नित्याचा आहे. पुढे १९४४ मध्ये जसवंत सिंग व भट्टाचार्जी यांनी हिवतापाच्या कामासाठी पाण्यात विरघळणारा, लवकर रंगविणारा व स्वस्त असा रंग तयार केला. तिघा शब्दांच्या आद्याक्षरांनी तो 'जे.एस.बी.' म्हणून हिवताप-निर्मूलनाच्या मोहिमेत खेडोपाडी पोहोचला.

आता या सर्व यशाच्या मुळाशी काय आहे ते पाहू. रंग जंतूस धरतो, याचा अर्थ रंगाच्या अणूंस जंतूच्या देहातील काही द्रव्यांची ओढ असते. कोणी पेशीच्या केंद्रकास चिकटतो, कोणी चरबीत विरघळतो, कोणी मज्जातंतूंतच शिरतो. एर्लिखने ही ओढ ओळखून पुढचा तर्क केला, की जो रंग जंतूस निवडून धरितो तो जंतूस निवडून मारीलही. १८९१ मध्ये त्याने व गुटमनने हिवतापाच्या दोन रोग्यांस मेथिलिन ब्लू देऊन गुण आलेला पाहिला. रासायनिक औषधांचे युग या तर्कातून उगवले. परंतु तर्काची दुसरी बाजू तितकीच उघड होती. जंतूची पेशी व माणसाची पेशी यांत ओढ लागण्याजोगी द्रव्ये पुष्कळ अंशी सारखीच आहेत. जे द्रव्य जिवंत पेशीत शिरून तिच्या गाभ्याला बिलगू शकते, ते काचेवरच्या पेशीस बिलगेल आणि काच धरणाऱ्या बोटास बिलगणार नाही, अशी खात्री कोणी दिलेली नव्हती. एर्लिखच्या रंगलेल्या हातांची वर्णने त्याच्या चरित्रांत कौतुकाने केलेली आढळतात. ती वाचून पिढ्यान्‌पिढ्यांच्या विद्यार्थ्यांनी रंगलेली बोटे ही विद्येची पदके मानली.

कारखान्यांत या वेळी निराळेच दृश्य होते. फुक्सिन तयार करण्याच्या प्रारंभीच्या रीतीत आर्सेनिकचे आम्ल लागे. स्वित्झर्लंडातील बाझेल येथे १८६४ च्या सुमारास एका रंगाच्या कारखान्यालगतच्या विहिरींत हे विष उतरले आणि ते पाणी पिऊन लोक आजारी पडले. ॲनिलिन हे द्रव्य तर कातडीतून सहज आत जाते आणि रक्तातील प्राणवायू वाहण्याची शक्ती हिरावते. ओठ, नखे निळी पडतात. १८८६ मध्ये इंग्लंडात काही नवजात अर्भके अशी अकस्मात निळी पडली. शोध करिता कळले, की त्यांच्या दुपट्यांवर ओळखीसाठी जो छाप मारला होता त्याच्या शाईत ॲनिलिन होते. ओलसर दुपट्यातून ते बाळांच्या कोवळ्या कातडीत उतरले होते. रंगद्रव्य पोटात गेल्यावाचून बाधत नाही, ही समजूत या एका हकीगतीने खोटी ठरावयास हरकत नव्हती. या विकारावरील उतारा म्हणून पुढे जे औषध मान्य झाले ते मेथिलिन ब्लू होय. म्हणजे रंगाच्या एका मूळद्रव्याचे विष दुसऱ्या रंगाने उतरते. रंग तेवढे वाईट असा सरसकट निकाल देणारांनी हे उदाहरण विसरू नये.

याहून भयंकर गोष्ट मात्र इतक्या लवकर दिसणारी नव्हती. फ्रांकफुर्ट येथील लुडविग रेन हे शस्त्रवैद्य जखमी हृदयास यशस्वीपणे टाका घालणारे म्हणून इतिहासात प्रसिद्ध आहेत. त्या शस्त्रक्रियेच्या आदल्या वर्षी, १८९५ मध्ये, त्यांनी जर्मन शस्त्रवैद्यांच्या परिषदेपुढे एक लहानसे टिपण ठेविले. फुक्सिन तयार करणाऱ्या ४५ कामगारांपैकी तिघांच्या मूत्राशयात त्यांस अर्बुदे आढळली होती. हा रोग एरवी विरळा. एकाच कामावरील मूठभर माणसांत तो तीनदा दिसावा हा योगायोग नव्हे, असे त्यांचे म्हणणे पडले. त्यांनी दोष ॲनिलिनच्या वाफेस दिला. तो पुढे पूर्णपणे बरोबर ठरला नाही, परंतु कामाचा व रोगाचा संबंध मात्र त्यांनी अचूक हेरला होता.

यानंतर काय व्हावे? कारखानदारांनी सावध व्हावे, सरकारांनी चौकशी करावी, असे आपण म्हणू. प्रत्यक्षात फार संथपणे पावले पडली. इतर कारखान्यांतूनही अशीच उदाहरणे जमत गेली, आणि १९२१ मध्ये आंतरराष्ट्रीय मजूर कचेरीने ॲनिलिनच्या कारखान्यांतील मूत्राशयाच्या कर्करोगावर स्वतंत्र अहवाल प्रसिद्ध केला. त्यात बीटा-नॅफ्थिलअमीन व बेन्झिडीन या दोन द्रव्यांकडे बोट दाखविले होते. तथापि प्राण्यांत हा रोग उत्पन्न करून दाखविल्यावाचून पुष्कळांस पटेना. १९३८ मध्ये अमेरिकेत ह्यूपर व त्यांच्या सहकाऱ्यांनी बीटा-नॅफ्थिलअमीन देऊन कुत्र्यांच्या मूत्राशयात अर्बुदे उत्पन्न केली. ब्रिटनमध्ये या द्रव्याचे उत्पादन १९४९ मध्ये थांबले. १९५४ मध्ये केस व त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटिश रंगकारखान्यांतील कामगारांची नोंद वर्षानुवर्षे मागे जाऊन तपासली. द्रव्याशी प्रथम संबंध आल्यापासून रोग प्रकट होईपर्यंत सरासरीने सुमारे अठरा वर्षे लोटतात, असे तीवरून दिसून आले.

रेनच्या टिपणापासून उत्पादन थांबेपर्यंतचा काळ मोजला तर तो ५४ वर्षांचा भरतो. इतका विलंब का लागला? स्वार्थ हे एक कारण खरेच. परंतु तेवढेच नव्हे. विंचू चावला की वेदना तत्काळ होते, म्हणून विंचवास कोणी हात लावीत नाही. जे विष अठरा वर्षांनी बोलते त्याचा संबंध जोडण्यास माणसाची एकट्याची स्मरणशक्ती अपुरी पडते. कामगार तोवर दुसऱ्या कामावर गेलेला असतो, गाव बदललेला असतो, कदाचित निवृत्त झालेला असतो. त्याच्या रोगाचे कारण त्याच्या शरीरात सापडत नाही. ते जुन्या हजेरीपटात सापडते. म्हणून हजेरीपट जपून ठेवणारा कारकून व तो वाचणारा वैद्य यांचे उपकार या प्रकरणी कोणा मोठ्या शोधकाहून कमी लेखता येणार नाहीत.

प्रयोगशाळांस मात्र हा सारा कारखान्यांचा प्रश्न वाटत राहिला. लाइप्झिगच्या ग्रूब्लर याने १८८० पासून कापडाच्या कारखान्यांतील रंग तपासून, चांगले निघतील ते निवडून लहान बाटल्यांतून शास्त्रज्ञांस विकण्याचा व्यवसाय चालविला होता. पहिल्या महायुद्धात जर्मन माल बंद पडला तेव्हा अमेरिकेत रंगांची परीक्षा करणारे मंडळ १९२२ च्या सुमारास उभे राहिले. कॉन हे जंतुशास्त्रज्ञ त्याचे प्राण होते. या मंडळाने प्रत्येक रंगाची शुद्धता व कामगिरी पाहून शिफारस देण्याची पद्धत पाडली, आणि तिचा फायदा जगभर झाला. परंतु रंग जंतूवर नीट बसतो की नाही हा त्या परीक्षेचा विषय होता. तो वापरणाऱ्यावर काय परिणाम करितो हा नव्हता. बाटली तीच, पूड तीच; केवळ मण-खंडीऐवजी ग्रॅम झाले, एवढ्यानेच तिचा स्वभाव बदलला असे सर्वांनी गृहीत धरले.

ते गृहीत कितपत टिकणारे होते याची दोन-तीन उदाहरणे पाहावी. ज्या बेन्झिडीनने रंगकामगारांचा घात केला, तेच बेन्झिडीन मलमूत्रातील रक्ताचा अंश ओळखण्यासाठी इस्पितळांच्या प्रयोगशाळांत वर्षानुवर्षे चिमटीने घेतले जात होते. आपल्याकडील वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या प्रात्यक्षिकांतही ही परीक्षा दीर्घकाळ होती. काँगो रेड हा रंग १८८३ मध्ये निघाला. तो बेन्झिडीनपासून बनतो, आणि अशा रंगांचे शरीरात पुन्हा बेन्झिडीन होऊ शकते असे पुढे आढळले. मेलेली पेशी व जिवंत पेशी यांचा भेद दाखविणारा ट्रिपॅन ब्लू हा त्याच कुळातला. तो गर्भिणी उंदरांस टोचला असता पिलांत व्यंगे उत्पन्न होतात, हे १९४८ मध्ये दक्षिण आफ्रिकेत दिसून आले. चरबी रंगविणारे सुदान नावाचे रंग अझो वर्गातले होत. याच वर्गातील एक रंग लोण्यास पिवळेपणा आणण्यासाठी वापरीत. तो खाऊ घातलेल्या उंदरांच्या यकृतात कर्करोग होतो, हे जपानात किनोशिता यांनी १९३६-३७ च्या सुमारास दाखविले. आणि हा प्रश्न प्रयोगशाळेच्या चार भिंतींतच राहिला असेही नाही. २००३ मध्ये भारतातून फ्रान्समध्ये गेलेल्या तिखटात सुदान रंगाची भेसळ सापडली, आणि २००५ मध्ये ब्रिटनमध्ये त्यापायी शेकडो खाद्यपदार्थ दुकानांतून परत घ्यावे लागले. रंगाचा धर्म ठाऊक नसलेल्या हातांत तो गेला म्हणजे स्वयंपाकघरही सुरक्षित राहत नाही.

अगदी अलीकडचे उदाहरण एथिडियम ब्रोमाइडचे आहे. हे द्रव्य १९५० नंतर गुरांच्या एका रक्तरोगावर औषध म्हणून निघाले. आनुवंशिकतेचे जे मूलद्रव्य डी.एन.ए., त्याच्या दुपदरी गोफाच्या पायऱ्यांमध्ये ते जाऊन बसते, आणि नीलातीत किरणांत नारिंगी चमकते. या गुणामुळे १९७२ नंतर ते जगभरच्या प्रयोगशाळांत घरोघरच्या मिठासारखे झाले. १९७३ मध्ये कॅलिफोर्नियातील ब्रूस एम्स यांनी जंतूंच्या साहाय्याने द्रव्यांची आनुवंशिक बाधा तपासण्याची सुलभ परीक्षा काढली. तीत एथिडियम, यकृताच्या अर्काची जोड मिळताच, बाधक ठरले. जे द्रव्य आनुवंशिकतेच्या गोफात जाऊन बसते ते त्या गोफाच्या नकलेत चुका घडवील, यात आश्चर्य ते काय! त्यापासून माणसास कर्करोग होतो असे सिद्ध झालेले नाही, आणि गुरांस तर ते सुयांनी दिले गेले, हे सांगून काही तज्ज्ञ त्याविषयीची भीती अतिरेकाची मानितात. दोन्ही बाजू ऐकून आमचे मत असे, की सिद्ध न झालेली बाधा आणि नसलेली बाधा यांत भेद आहे. रेन यांच्या कामगारांच्या बाबतीत पन्नास वर्षे नेमका हाच भेद पुसला गेला.

एथिडियमने आणखी एक धडा दिला. सांडलेल्या द्रव्यावर कपडे पांढरे करण्याचे क्लोरीनयुक्त पाणी ओतले की त्याची चमक तत्काळ जाते, आणि काम झाले असे वाटते. परंतु १९८७ मध्ये लन व सॅन्सोन यांनी तपासले तेव्हा चमक गेली तरी बाधक द्रव्य मागे राहते असे आढळले. म्हणून त्यांनी सोडियम नायट्राइट व हायपोफॉस्फरस आम्ल यांची निराळी रीत दिली. रंग गेला म्हणजे विष गेले, ही समजूत कारकुनी सोयीची असली तरी शास्त्रास धरून नाही.

येथवरच्या इतिहासावरून व्यवहाराचे नियम सहज निघतात. पहिला नियम असा, की सगळ्या रंगांस एका मापाने मोजू नये. इओसिन, हिमॅटॉक्सिलिन, मेथिलिन ब्लू यांच्यापासून होणारा धोका आणि बेन्झिडीनच्या कुळातील द्रव्यांचा धोका यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. नावांत तर मोठा घोटाळा आहे. मेथिल ब्लू व मेथिलिन ब्लू हे दोन निराळे रंग. म्हणून १९२४ पासून प्रसिद्ध होत असलेल्या रंगसूचीतील क्रमांक बाटलीवर पाहावा: मेथिलिन ब्लूचा ५२०१५, क्रिस्टल व्हायोलेटचा ४२५५५. नावापेक्षा हा अंक अधिक खरे बोलतो.

दुसरा नियम पुडीचा. तयार द्रावणापेक्षा कोरडी पूड अधिक घातक, कारण ती तोलताना उडते आणि श्वासाबरोबर आत जाते. ती हवा बाहेर ओढून घेणाऱ्या कपाटात, हातमोजे घालून तोलावी. शक्य असेल तेथे तयार द्रावणच विकत घ्यावे. सांडलेली पूड कोरड्या झाडूने झाडणे म्हणजे ती खोलीभर वाटणे होय. ओल्या फडक्याने टिपावी. तोंडाने नळीत द्रव ओढण्याची चाल १९७० नंतरही पुष्कळ ठिकाणी टिकून होती. ती रंगांच्या बाबतीतही तितकीच निंद्य होय.

तिसरा नियम सोबतच्या द्रव्यांचा. कित्येकदा रंगाहून त्याचा सोबती वाईट असतो. क्षयाच्या परीक्षेत फुक्सिनबरोबर कार्बॉलिक ॲसिड असते. ते कातडी जाळते आणि त्याची वाफ छातीस बाधते. म्हणून काचेखाली ऊब देताना वाफ निघू लागताच थांबावे, उकळी येऊ देऊ नये, आणि खिडक्या उघड्या असाव्यात. लीशमनचा रंग मेथिल अल्कोहोलात विरघळविलेला असतो. हे विष डोळ्यांची दृष्टी घालविते व ज्वालेजवळ पेट घेते. जे.एस.बी. रंग करिताना पोटॅशियम डायक्रोमेट लागते. त्याची पूड फुप्फुसास घातक आहे. चरबी काळी करून दाखविणाऱ्या ऑस्मियमची वाफ डोळ्यांच्या पडद्यावर बसते. पिक्रिक ॲसिडची गोष्ट तर फारच बोधप्रद आहे. १७७१ मध्ये ते रेशीम पिवळे रंगविण्यासाठी पुढे आले आणि शंभर वर्षे रंग म्हणूनच नांदले. १८८५ मध्ये ते तोफगोळ्यांत भरावयास निघाले, आणि ६ डिसेंबर १९१७ रोजी कॅनडातील हॅलिफॅक्स बंदरात जे जहाज फुटून सुमारे अठराशे माणसे मेली, त्याच्या मालात ते हजारो टन होते. प्रयोगशाळेत त्याची बाटली सदैव ओली राखावी. झाकणाभोवती कोरडे स्फटिक जमलेली जुनी बाटली कोणीही उघडू नये. जाणत्याच्या स्वाधीन करावी.

चौथा नियम टाकाऊ द्रव्यांचा. मोरीत ओतलेला रंग मोरीपाशी थांबत नाही. बाझेलच्या विहिरी हेच सांगत होत्या. प्रत्येक जातीचे टाकाऊ द्रव्य निराळ्या, नाव लिहिलेल्या भांड्यात जमवून योग्य त्या ठिकाणी पाठवावे. एथिडियमऐवजी आता सौम्य मानलेले पर्याय मिळतात; १९९० नंतरच्या दशकात आपल्या सरकारनेही बेन्झिडीनपासून होणारे व तत्सम अनेक रंग निषिद्ध ठरविले. ही प्रगती स्वागतार्ह आहे. परंतु जुन्या महाविद्यालयांच्या फडताळांत जुन्या बाटल्या अजून असतात, आणि कायद्याचा हात फडताळाच्या मागच्या फळीपर्यंत आपोआप पोहोचत नाही. वर्षातून एकदा तरी ती फळी कोणी उघड्या डोळ्यांनी पाहावी.

शेवटी एका माणसाविषयी लिहिणे अवश्य आहे, ज्याचे नाव कोणत्याही प्रबंधावर येत नाही. प्रत्येक प्रयोगशाळेत काचा व बाटल्या धुणारा, मोरी घासणारा, सांडलेले पुसणारा एक मदतनीस असतो. शोधकास पुडीशी घटकाभर काम. या माणसाचा तिच्याशी संबंध रोजचा आणि वर्षानुवर्षांचा. बाटलीवरील इंग्रजी नाव व कवटीची खूण त्याला कोणी समजावून सांगितलेली असेलच असे नाही. हातमोजे आधी अध्यापकांस, मग विद्यार्थ्यांस, आणि उरले तर त्याला, असा क्रम कित्येक ठिकाणी दिसतो. फ्रांकफुर्टच्या त्या ४५ कामगारांची जागा आज कोणी घेतली असेल तर ती त्यानेच घेतली आहे. त्यांच्याप्रमाणेच त्याच्याही देहावर काय लिहिले गेले ते कळावयास अठरा वर्षे लागतील, आणि त्या वेळी त्याच्या कामाची नोंद कोणापाशी असेल, हे सांगणे कठीण आहे.

म्हणून ज्या कुटुंबांतील मुलेमुली शास्त्र शिकावयास जातात, त्यांनी घरी परतल्यावर त्यांस परीक्षेतील गुणांबरोबर आणखी दोन प्रश्न विचारावेत. रंगाची पूड तुम्ही कोठे तोलता? आणि तुमची भांडी धुणाऱ्यास हातमोजे मिळतात काय? पहिल्याच्या उत्तरावरून मुलांची सुरक्षितता कळेल. दुसऱ्यावरून त्या संस्थेने या दीडशे वर्षांच्या इतिहासापासून काय घेतले ते कळेल. क्षयाचा जंतू आपणांस दिसू लागला, तो ज्यांनी रंग तयार केले त्यांच्या श्रमांमुळेही. त्यांच्यातील कित्येकांनी त्याचे मोल देहाने चुकविले, आणि त्यांस कोणी विचारले नव्हते. तेच मोल पुन्हा दुसऱ्या कोणाकडून, तितक्याच निःशब्दपणे, वसूल होऊ नये एवढी काळजी घेणे आपल्या हाती आहे, व ती घेण्यास फारसा खर्चही लागत नाही.